स्वामीचा रकाना

संत्र्याला फूल आलं की लोक म्हणे हळवे होतात. मला शिंका येतात. माघ लागला की सौंसरच्या चारी बाजूंच्या बागांतून तो वास गावात शिरतो, शाळेच्या ऑफिसात शिरतो, फायलींच्या कपाटात जाऊन बसतो, आणि मी नाकाला रुमाल लावून पोरांचे दाखले लिहीत असते. खिडकीबाहेरून पोट्टे मोजतात, "मॅडम, सात झाल्या!" होऊ द्या न बाप्पा, तुमचं काय जाते?

आज सकाळी घराचं फाटक लावताना यंदाची पहिली शिंक आली. म्हटलं, आला आंबिया बहार. थंडी रेंगाळली म्हणून फुलं आठ-दहा दिवस मागं पडली, पण आली. आणि शिंकेसोबत ती भिंतही आली डोळ्यांपुढे. शाळेमागच्या मैदानाची, रस्त्याच्या बाजूची, कमरेएवढी विटांची भिंत. तिच्यावर बसून मी उभी हयात फुटबॉल पाहिला. माझे बाबा लोकांच्या बागेत संत्री तोडायला जायचे, आणि रविवारी बाजार झाला की मला त्या भिंतीवर बसवून स्वतः उभे राहायचे. "पाय हलवू नको, पडशील," म्हणायचे. मी पडले नाही, पण जी बसले ती उठलेही नाही. बाबा गेले, माझ्या केसांत चांदी आली, आणि अजूनही कोणी विचारतंच, "शोभाताई, बाईमाणसाले फुटबॉलचं काय?" मी म्हणते, तुले भजनाचं जे आहे ते मले फुटबॉलचं आहे.

आमच्या टीमचं नाव नारंगी इलेव्हन. जर्सी एके काळी खरंच नारंगी होती. धुऊन धुऊन ती मोसंबीच्या रंगावर आली होती. गोलपोस्ट बोअरवेलच्या जुन्या पाइपाचे. पावसाळ्यात मैदानाच्या एका कोपऱ्यात बदकं पोहायची, त्यामुळे आमची टीम उजवीकडून कधीच हल्ला करत नसे, ही सवय हिवाळ्यातही गेली नाही. अशी ही टीम. हिच्यासाठी लोक रामाकोन्याहून यायचे, पांढुर्ण्याहून यायचे, आणि हरल्यावर आपसात बोलायचे नाहीत.

आणि टीमचे मालक म्हणजे वासुभाऊ. ते मालक कसे झाले, ते सांगायला पाहिजे, कारण त्यात माझाच हात आहे.

वासुभाऊ संत्र्याचे व्यापारी. बाग फुलावर पाहून ठेवायची, फळावर घ्यायची, आणि मेटॅडोर भरून माल नागपूरला पाठवायचा. व्यापाऱ्याला आमच्याकडे मालक म्हणतात. बागवाल्यालाही मालक म्हणतात, बाया नवऱ्याला म्हणतात, आणि ज्याचं नाव आठवत नाही त्यालाही म्हणतात. "ओ मालक, किती वाजले?" असं रस्त्यावर कोणीही कोणालाही विचारतो. त्या शब्दाला फार वजन नाही. पण वीस-बावीस वर्षांपूर्वी टीम पहिल्यांदा जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायची होती, आमचं गाव मध्य प्रदेशात म्हणून फॉर्म हिंदीत होता, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून तो भरायला माझ्यापुढे आला. मी नुकतीच लिपिक म्हणून लागले होते. ऑफिसात पंधरा जण उभे, सगळे एकदम बोलून राहिलेले. एक रकाना होता, 'क्लब के स्वामी का नाम'. मी मान वर न करता विचारलं, "मालकाचं नाव काय लिहू?"

सगळ्यांनी एकदम वासुभाऊंकडे पाहिलं. त्यांना सगळे मालकच म्हणायचे न!

"अवो मी कायचा मालक?" ते दचकून म्हणाले. "फक्त बॉल माहा आहे."

तोवर मी लिहून टाकलं होतं. फॉर्म एकच होता, खोडता येत नव्हतं. असा माणूस मालक झाला. पण एकदा कागदावर चढलं की माणूस त्या शब्दाएवढा व्हायला बघतो, हे मी शाळेत कितीदा पाहिलं आहे. मॉनिटर केलं की मुलाचा आवाज बदलतो. वासुभाऊंचाही बदलला. टीमला घेऊन जायला त्यांची मेटॅडोर येऊ लागली, संत्र्याच्या पेट्या काढून पोरं आत बसायची आणि अंगाला वास घेऊन उतरायची. मग साइडलाइनला एक हात असलेली प्लास्टिकची खुर्ची आली. हात एकच, कारण दुसरा एका पेनल्टीच्या वेळी त्यांनीच उपटला होता. त्या खुर्चीवर बसून ते ओरडायचे, "बॉल सोड! बॉल सोड रे!" आणि कोणी सोडायचं नाही.

चांगला माणूस होता, म्हणजे आहे. पण जिंकायची इतकी घाई झाली होती त्यांना, की काय सांगू.

तीन वर्षांपूर्वी आम्ही सेमीफायनलला पोचलो. समोर मोहगावची टीम. सामना आमच्याच मैदानावर, फुलोरा ऐन भरात, माझा रुमाल ओला. आणि सामन्याच्या आदल्या दिवशी आमचा गोलकीपर रोशन तापानं फणफणला. रोशन आमच्याच वॉर्डातला, वायरमनचं काम करतो, उंच आणि शांत, गोल झाला तरी शिवी देत नाही. सामन्याच्या सकाळी वासुभाऊ माझ्याकडे आले, खेळाडूंची यादी लिहायला. त्यांच्यासोबत त्यांच्या बहिणीचा मुलगा होता, नागपूरचा, तिथल्या कोण्या क्लबात गोलकीपर. नवीन खेळाडू नोंदवायची मुदत संपलेली, नवीन नाव घालता येत नव्हतं. ते म्हणाले, "रोशनचंच नाव राहू द्या." मी त्या मुलाकडे पाहिलं, वासुभाऊंकडे पाहिलं, आणि लिहिलं. रोशन. चांगल्या अक्षरात लिहिलं.

हे मी कोणापासून लपवत नाही. मला माहीत होतं. भिंतीवरच्या सगळ्यांना माहीत होतं. आम्ही त्याला हुशारी समजून राहिलो होतो.

भाच्याला कपडे दिले, हातमोजे दिले, सगळं शिकवलं. एकच शिकवायचं राहिलं. त्याला त्याचं नाव कोणी पाठ करून दिलं नाही. हाफटाइमनंतर मोहगावच्या एकानं डावीकडून लांब चेंडू मारला, आमचे बॅक वळून ओरडले, "रोशन! रोशन! डावीकडं!" आणि तो भला माणूस पोस्टला टेकून उभा. आपल्याला कोणी हाक मारून राहिलं, हे त्याच्या गावीच नाही. मग आम्ही भिंतीवरून ओरडलो, पन्नास जण एका गळ्यानं, "अरे रोशन!"

तेव्हा माझ्या शेजारून, ब्लँकेटच्या आतून, एकदम आवाज आला, "ओ!"

खरा रोशन. तापात घरी पड म्हटलं तर ऐकलं नव्हतं, ब्लँकेट पांघरून माझ्या बाजूला येऊन बसला होता. ग्लानीत होता बिचारा. नावानं हाक आली, ओ दिली. माणूस दुसरं काय करणार?

चेंडू जाळ्यात गेला. म्हणजे जाळं नव्हतंच, पाइपांच्या मधून गेला. शिट्टी वाजली. पण रेफरी गोलकडे पाहतच नव्हता. तो भिंतीकडे पाहत होता, ब्लँकेटकडे. मग गोलकीपरकडे. मग पुन्हा ब्लँकेटकडे. मला त्याच वेळी शिंक आली. काही जण हसले. वासुभाऊ खुर्चीतून उठले होते, आणि त्यांना बसायचं की पळायचं हे कळत नव्हतं.

जिल्हा स्पर्धेवाल्यांचं पत्र पावसाळ्यात आलं. हिंदीत, शिक्का मारलेलं. प्रकाशच्या मोबाइलच्या दुकानापुढं आम्ही जमलो आणि प्रकाशनं मोठ्यानं वाचलं: 'क्लब-स्वामी को तीन सत्रों के लिए अपात्र घोषित किया जाता है.' तुळशीरामकाका रामाकोन्याहून आलेले. सत्तरीचे, पाच एकर संत्रा, ऐकायला थोडं कमी. ते गंभीर होऊन म्हणाले, "कोन्ते स्वामी? आपल्या इकडं तं कोनी स्वामी नाही. आन् स्वामी कायले फुटबॉल खेळून राहिले?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा सगळे हसले. प्रकाशनं समजावलं, "काका, स्वामी म्हंजे मालक. आपले वासुभाऊ. तीन सीझन बाद. क्लबात नाव नाही, सही नाही, बेंचवर बसायचं नाही, मैदानात पाय ठेवायचा नाही."

सगळ्यांचं हसू मावळलं. काकांनी विचारलं, "आन् क्लब?"

क्लबचं खाली लिहिलं होतं. पुढच्या सत्रात पात्र स्वामीच्या नावानं अर्ज आला तर क्लब खेळू शकेल. नाही आला तर नाव कमी होईल. म्हणजे अर्जाच्या तारखेआधी नवा मालक पाहिजे, नाहीतर नारंगी इलेव्हन गेली. आणि नवा मालक आणायचा कुठून? आमच्याकडे तर जुनासुद्धा चुकून मिळाला होता.

रोशन एका कोपऱ्यात उभा होता. त्या 'ओ'नंतर तो कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता. तो हळूच म्हणाला, "संपला न आपला क्लब. माह्यामुळं."

"संपला नको म्हणू बे," काका म्हणाले. "संपून राहिला म्हण."

माझी भाची पुण्याला असते. आम्ही बोलायला लागलो की तिला हसू येतं. "मावशी, 'जेवून राहिली' काय गं, 'जेवतेय' म्हण न!" मी म्हणते, बाई, तुमच्या 'जेवतेय'मध्ये घास उचलला की लगेच हात धुवायची घाई ऐकू येते. आमचं 'जेवून राहिली' म्हणजे अजून ताटावर आहे, वाढा, वेळ आहे. आमच्या बोलीत काहीच पटकन संपत नाही. पाऊस येऊन राहतो, दुखणं जाऊन राहतं, माणूस मरूनसुद्धा राहतो आणि मधेच चहा मागतो. त्या दिवशी काकांच्या तोंडचा तो शब्द ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की अजून काही करता येईल.

पण करायचं काय, यावर मग जी भांडणं पेटली! चार महिने सौंसरात दुसरा विषय नव्हता. दळणाच्या गिरणीत तेच, रेशनच्या लाइनीत तेच. दिवाळीनंतर शेवटी सगळ्यांनी एकत्र बसायचं ठरलं, आमच्या वॉर्डातल्या विहाराच्या हॉलमध्ये. रविवारी वंदना झाली की हॉल रिकामा असतो. सतरंज्या आम्हीच झाडल्या. कुणबी, माळी, बौद्ध, कॉलनीतले नोकरीवाले, सगळे मांडीला मांडी लावून बसले, आणि पहिली पाच मिनिटं सगळे एकमेकांशी फार सभ्यपणे बोलले. तिथंच मला समजलं की आता जोरात भांडण होणार.

काही जण म्हणाले, बाहेरचा कोणी मोठा माणूस पाहू. पांढुर्ण्याला एक जण तयार आहे, पण तो म्हणतो टीमला त्याच्या दुकानाचं नाव द्या आणि जर्सी निळी करा. निळी म्हटल्याबरोबर मागून कोणीतरी म्हणालं, "निळी आपलीच आहे, पण ती अशी नाही विकत." त्यावर हशा पिकला आणि तो बेत बारगळला. काही जण म्हणाले, तीन वर्षं बंदच ठेवू. मालकांची सजा संपली की पुन्हा सुरू करू, त्यांच्याशिवाय खेळणं म्हणजे बेइमानी.

त्यावर तुळशीरामकाका उठले. त्यांना उठायला वेळ लागतो, म्हणून सगळे गप्प झाले.

"मी आत्ता बाग ताणावर सोडून आलो," ते म्हणाले. आमच्याकडच्या कोणालाही हे सांगावं लागत नाही, पण सांगते. संत्र्याला आंबिया बहार पाहिजे तर हिवाळ्यात बागेचं पाणी तोडतात. झाड तहानेनं मलूल होतं, पानं गळतात, नव्या माणसाला वाटेल बाग मेली. मग पाणी सोडलं की वीस-पंचवीस दिवसांत फांद्या पांढऱ्या होतात. "ताण पाहिजे. ताणाबिगर फूल नाही. तं हे जे झालं ते झालं, बरंच झालं म्हणा. पन ताण किती द्यायचा त्याचं माप आहे. पानं गळतात तोवर ताण. फांदी वाळली तं तिले सरपन म्हनतात. तीन वर्षं पाणी नाही द्यायचं म्हंता तुमी? मंग कुऱ्हाडच आना न, इतके दिवस कायले थांबता."

काका बसले. बंद ठेवायची गोष्ट त्यानंतर कोणी काढली नाही.

मग प्रकाश उठला. प्रकाश तसा कामाचा, पण डोकं मोबाइलसारखं, पटकन गरम होतं. म्हणाला, "एवढं टेन्शन कायले घेता? वहिनींचं नाव टाकू. कुसुमवहिनी मालकीण. कागदावर वहिनी, चालवतील मालकच. सगळीकडं तसंच चालते, सरपंच बाई आन् खुर्चीवर नवरा. कोनाले पता लागते?"

हॉलमध्ये बरं वाटल्यासारखी कुजबुज झाली. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. सोपं होतं. एकच नाव लिहायचं, आणि सगळं पहिल्यासारखं.

वासुभाऊंच्या घरच्या कुसुमवहिनी भिंतीशी बायांमध्ये बसल्या होत्या. वासुभाऊ आले नव्हते. त्या वर्षी ते कुठंच जात नव्हते. वहिनी फार न बोलणाऱ्या. सामन्याच्या दिवशी पंधरा पोरांच्या पोळ्या करून द्यायच्या, पण मैदानात कधी आल्या नाहीत. त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या,

"कावून जी प्रकाशभाऊ, एकदा एका पोट्ट्याले दुसऱ्याच्या नावानं खेळवून पाह्यलं न? पोट भरलं नाही? आता मले खेळवता?"

प्रकाश खाली बसला.

"घरी तो माणूस चार महिन्यांपासून धड जेवला नाही. त्याले सजा मिळाली त्याचं दुःख नाही. आपल्या हातानं टीमचं नाव खराब केलं म्हून. आन् तुमी त्याले पुन्हा तेच करायले लावून राहिले. नाव टाकाचं तं जो खेळ चालवते त्याचं टाका. नाही तं नका टाकू."

मी उभी राहिले. म्हटलं, "ती यादी मी लिहिली होती. रोशनचं नाव माह्या अक्षरात आहे. मले ठाऊक होतं." आणि वाट पाहत उभी राहिले, की आता कोणीतरी काहीतरी म्हणेल.

"आमाले काय ठाऊक नव्हतं काय?" काका म्हणाले. "सगळे भितीवर बसून हसलोच न. सजा एकट्याले भेटली, चोरी साऱ्यायची होती."

ते 'साऱ्यायची' तिथंच हवेत राहिलं. मला वाटतं, प्रत्येकाच्या डोक्यात ते एकाच वेळी शिरलं. चोरी सगळ्यांची, तर क्लब कोणाचा? रोशन पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाला, "मॅडम, फॉर्मवर 'व्यक्ति या संस्था' असं लिहून असते. मी पाह्यलं आहे. आपली सगळ्यायची संस्था करू न. जे भितीवर बसतात त्यायची."

मग काय, तास दीड तास नुसता गोंधळ. पण आता तो वेगळा गोंधळ होता. चांगला. नाव ठरलं, नारंगी प्रेक्षक मंडळ. मेटॅडोरऐवजी बसनं जायचं ठरलं. पोळ्या घरोघरी वाटून घ्यायच्या ठरल्या, त्यावर वहिनी म्हणाल्या, "देवा, सुटली मी," आणि सगळ्या बाया हसल्या. प्रकाशनं हट्टानं पाणी भरायचं काम मागून घेतलं. गुन्हा कबूल करायची त्याची तीच रीत असावी.

मी वहीचा ताव फाडला, वर मंडळाचं नाव लिहिलं, आणि सह्यांसाठी तो फिरू लागला. लोक मांडीवर ठेवून सही करत होते, एका आजीनं अंगठा दिला आणि अंगठा नीट उमटला नाही म्हणून पुन्हा दिला. ताव फिरत फिरत दाराशी गेला, आणि मी वर पाहिलं तर दारात वासुभाऊ उभे.

केव्हा आले कोण जाणे. चपला हातात, दाढी वाढलेली. ऐकलं असेल सगळं, चेहऱ्यावरून वाटत होतं. ताव त्यांच्यापुढे आला. त्यांनी तो घेतला, सगळ्या सह्या वरपासून खालपर्यंत वाचल्या, आणि माझ्याकडे पाहून विचारलं,

"मीबी करू काय सही?"

मी उभ्या जन्मात किती फॉर्म नामंजूर केले असतील! जन्मतारीख चुकली, फोटो नाही, शिक्का नाही, परत जा. पण आता जे म्हणायचं होतं ते उच्चारायला मला जेवढं जड गेलं तेवढं कधी गेलं नाही. वीस वर्षांपूर्वी याच माणसाचं नाव मी त्याला न विचारता लिहिलं होतं. आणि तो आता मागून राहिला होता.

"मालक," मी म्हटलं, "तुमची नाही चालत."

"हाव," ते म्हणाले. "बरोबर आहे." आणि ताव पुढच्या माणसाला दिला. मग खिशातून रुमालात बांधलेली एक पुरचुंडी काढून माझ्यापुढं ठेवली. सोडून पाहिलं तर चेंडूत हवा भरायच्या सुया. तीन. "माह्यापाशी राहून गेल्या होत्या," म्हणाले. "पंप प्रकाशले देऊन येतो उद्या."

जाताना दारात थबकले. "पाहाले तं येऊ शकतो न?"

आता हा नवाच प्रश्न. पत्र काढलं, पुन्हा वाचलं. मैदानात पाय ठेवायला बंदी. मग भिंत मैदानात धरायची की बाहेर? अर्धे म्हणाले आत, अर्धे म्हणाले बाहेर. त्या भिंतीवर आम्ही उभी हयात काढली आणि ती कुठं आहे ते आम्हालाच सांगता येईना! शेवटी तुळशीरामकाकांनी निकाल दिला, "पाय रस्त्याकडं सोडून बसला तं मानूस बाहेर. मान कुठंबी वळवा, पत्रात मानेचं काही नाही."

अर्ज द्यायला मी आणि रोशन पांढुर्ण्याला गेलो. पूर्वी हे काम छिंदवाड्याला असायचं, आता जिल्हा बदलला, रस्ता बदलला, फॉर्म मात्र तोच. 'क्लब के स्वामी का नाम'. त्या रकान्यात एक ओळ मावते. मी लिहिलं, 'संलग्न सूची देखें', आणि ताव जोडला. काउंटरवरच्या बाबूनं तो उलटला, पालटला, चष्मा वर केला.

"ये सब स्वामी हैं?"

रोशन म्हणाला, "हाव. सब." अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि चेहरा असा, जसा पेनल्टी अडवल्यावर असतो. बाबूनं शिक्का मारला. बाहेर येऊन आम्ही स्टेशनजवळ चहा घेतला. मग रोशन म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी मी ओ दिली नसती तं?" मी म्हटलं, "दिली ते बरं झालं. नाही तं आपण अजून दुसऱ्याच्याच नावानं जिंकून राहिलो असतो."

आता दोन वर्षं झाली. टीम अजून आहे. उजवीकडून हल्ला अजूनही सहसा होत नाही. मंडळात भांडणं दर रविवारी होतात, आणि मागच्या वर्षी जर्सीच्या रंगावरून दोन सख्खे साडू बोलेनासे झाले होते. पण टीम आहे. पुढच्या वर्षी वासुभाऊंची सजा संपेल. तेव्हा त्यांना ताव द्यायचा, एवढं मी मनात ठरवून ठेवलं आहे. सगळ्यांच्या खाली, एक जागा कोरी आहे. पण आज शिंकताना मला जे आठवलं ते हे काहीच नाही. मला आठवला मंडळ झाल्यावरच्या बहारातला आमचा पहिला सामना.

काकांनी बागेला पाणी सोडलं होतं, आणि झाडांनी त्यांचं ऐकलं होतं. वास असा, की मी दोन रुमाल घेऊन आले. भिंत गच्च भरलेली, मागं रस्त्यावर माणसं उभी. आधीच्या मृग बहाराची संत्री तोडायला आलेल्या बाया काम आटोपून, डोक्यावरची टोपली काखेत घेऊन थांबलेल्या. साइडलाइनला ती एका हाताची खुर्ची होती, तिच्यावर प्रकाशनं पाण्याचा कॅन ठेवला होता. गोलमध्ये रोशन, स्वतःच्या नावानं. रेफरीही तोच. आमचा बॅक ओरडला, "रोशन!" आणि रोशन सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ओ!" भिंत हसून हसून डोलली. रेफरीनं शिट्टी तोंडातून काढली, तोही हसला असावा.

वासुभाऊ माझ्या शेजारी होते. आम्ही सगळे मैदानाकडं तोंड करून, आणि ते एकटे रस्त्याकडं पाय सोडून, मान अशी मागं वळवलेली की पाहणाऱ्याचीच दुखावी. "बॉल सोड," असं ते पुटपुटत होते. मोठ्यानं ओरडत नव्हते. मी म्हटलं, "मालक, ओरडायले बंदी नाही, पत्रात आवाजाचं काही नाही." ते नुसते हसले.

सामना संपायला आला आणि आमच्या पोरांनी चेंडू पळवला. आमच्या हयातीत पहिल्यांदा उजवीकडून, बदकांच्या कोपऱ्यातून. भिंत उठली. मी उठले. चेंडू पोस्टच्या पाइपाला लागून टण्ण वाजला आणि आत गेला. त्या क्षणी काय झालं, कोणाला मिठ्या मारल्या, मला सांगता येणार नाही. मी शिंकत होते, रडत होते, दोन्ही एकदम. भान आलं तेव्हा शेजारी पाहिलं. वासुभाऊ भिंतीवर सरळ उभे होते, मैदानाकडं तोंड करून, दोन्ही हात वर, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यांना खाली ओढावं की नाही, मला सुचेना.

मागून, रस्त्यावरून, एका बाईचा आवाज आला. संत्री तोडणाऱ्यांपैकी कोणीतरी, बाहेरगावची, तिला कोण मालक आणि कोण नाही, काय ठाऊक?

"ओ मालक! बसा न खाली. आमाले दिसून नाही राहिलं."

वासुभाऊंनी वळून तिच्याकडं पाहिलं. "हाव बाई," म्हणाले, आणि बसले. पाय बाहेर, मान आत.